दांडा हलका लागला

प्रिय बारक्या,

जुन्या गाडीत मी माझ्या हातानं केलेल्या वस्तू परवा मोजल्या. अकरा भरल्या. मागचा सगळा हौदा, तीन मिलिमीटरच्या पत्र्याचा. त्याचे तिन्ही फाळके आणि त्यांच्या कड्या, ज्या एका हातानं उघडतात आणि खड्ड्यात एकदाही आपोआप उघडल्या नाहीत. वर शिडी आणि लांब पाइप ठेवायचा सांगाडा. सीटमागची हत्यारांची पेटी, प्रत्येक पान्याला त्याच्या आकाराची खाच असलेली. माल चढवायची घडीची फळी. दोन्ही आरशांचे लांब हात. पाण्याच्या कॅनचं कडं. मागच्या चाकांचे चिखलपडदे. बॅटरीची चौकट. तुझ्या वहिनीच्या बाजूची काच वरखाली करायचं हँडल, कारण कंपनीचं दुसऱ्याच वर्षी तिच्या हातात आलं होतं. झाल्या दहा. अकरावी तुला ठाऊक आहे. तिच्याकडे येतो, जरा दम धर.

मोजायची वेळ का आली, तर नवी गाडी घेतली. होय, मीच. पिकअपच, डिझेलच, पण नवं मॉडेल. तू म्हणशील, दादा आणि नवी गाडी, दादा तर नवी चप्पलसुद्धा जुनीचा अंगठा तुटल्यावर घेतो. अरे, काम वाढलंय. एका शाळेच्या चार मजल्यांचे कठडे आणि दोन गोदामांचे जिने हातात आहेत. जुनीत एका खेपेला अकराशे किलो, त्यावर मी तिला कधी लादली नाही. नवी पंधराशे नेते आणि चढावर कण्हत नाही. शोरूममधल्या टायवाल्यानं सांगितलं, जुनी आम्हाला द्या, तिची किंमत नवीत वळती करू. मी म्हटलं, ठीक, आठ दिवस द्या, माझं सामान काढून घेतो. तो म्हणाला, सामान म्हणजे काय, टेपरेकॉर्डर का?

नवी गाडी चांगली आहे. जुन्याचे गोडवे गात बसणाऱ्यांतला मी नाही. स्टिअरिंग एका बोटानं फिरतं. मागे घेताना समोर छोट्या पडद्यावर मागचं दिसतं. पट्टा लावला नाही तर सासूसारखी टुकटुक करत राहते. ब्रेक असा, की पावलाचं नुसतं वजन पुरतं. फक्त बॉनेट उघडलं की वर काळं प्लॅस्टिकचं झाकण, आत हात घालायला जागा नाही. टायवाला म्हणाला, आत हात घालायची गरजच पडणार नाही. मी त्याच दिवशी झाकणाचे चार स्क्रू काढून आत बघून घेतलं. समजण्यासारखं आहे. कुठल्या शाळेत न जाता मी जुनं इंजिन तीनदा उतरवलं, हेही उतरवेन.

एक गंमत झाली. मी शोरूममध्ये फूटपट्टी घेऊन गेलो होतो. हौद्याची लांबी, रुंदी, खोली, चाकांमधलं अंतर, सगळं वहीत लिहून आणलं. गाडी दारात आली आणि आपली माल चढवायची फळी तिला लागेना. नवीचा हौदा जमिनीपासून नऊ सेंटिमीटरनं उंच. तेवढी एक उंचीच मी मोजली नव्हती. तुझी वहिनी दारात उभी राहून म्हणाली, "चला, अठ्ठावीस वर्षांत एकदा तरी तुमचं माप चुकलं." मी म्हटलं, माप चुकलं नाही, घ्यायचं राहिलं. ती म्हणाली, "बरोबर आहे, चूक ती फक्त दुसऱ्यांची असते." मी त्या वेळी हसलो. फळी दुपारपर्यंत नवी केली.

आता अकरावी वस्तू. तुझा ब्रेकचा दांडा.

तो केला तेव्हाचे तीन आठवडे मला दिवसवार आठवतात. लहानपणच्या आजारानं तुझ्या उजव्या पायातला जोर नेलेला. रेस द्यायला पुरायचा, ब्रेक दाबायला नाही. सगळे म्हणायचे, त्याला दुकानात बसवा, हिशेबाला बरा. मी वर्कशॉपच्या फरशीवर खडूनं गाडीची अर्धी केबिन काढली, मधे स्टूल ठेवून तुला बसवलं आणि तुझ्या खांद्यापासून मनगटापर्यंतचं माप घेतलं. तू म्हणालास, "दादा, शिंपी झालास की काय?" स्टिअरिंगच्या उजवीकडून पाइप खाली, खालच्या टोकाला चाळीस मिलिमीटर रुंद पट्टी, पट्टीतून पिन, पिनेतून ब्रेकच्या पायपट्टीपर्यंत सळई. हातानं पुढे ढकललं की ब्रेक. परवाना देणाऱ्या साहेबानं तुला दोनदा उतारावर थांबवायला लावलं, तिसऱ्यांदा स्वतः चालवून बघितलं आणि मला विचारलं, कुठल्या कंपनीचा? ते वाक्य मी वर्षभर भेटेल त्याला सांगितलं, हे तुला माहीत आहे. तूच चिडवायचास, "दादाची कंपनी आली."

नऊ वर्षं तू ती गाडी चालवलीस. आपल्या वर्कशॉपच्या दारातून दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं अंतर ठेवून तू ती मागे आत घ्यायचास, एका झोकात, आणि मी तिथं उभा राहून उगाच हात हलवायचो. माझ्या हातून त्या चौकटीला तीन ओरखडे गेलेत. तुझ्या हातून एकही नाही. हे तुला मी कधी सांगितलं नव्हतं. आता लिहून देतो.

आणि मग बेकरीवाल्याच्या आवारातला तो उतार. हौद्यात त्याच्या भट्टीची दारं आणि रॅक होते, एक हजार ऐंशी किलो. मी पुढे जाऊन खालचं फाटक उघडत होतो, पाठ तुझ्याकडे. आवाज ऐकून वळलो तर गाडी डावीकडच्या भिंतीत घुसलेली, भिंत कंबरेपर्यंत खाली आलेली, तू आत बसलेला, हात अजून दांड्यावर. कुणाला खरचटलंही नाही. तू एकच वाक्य म्हणालास, "दादा, दांडा हलका लागला." आणि मी, बेकरीवाला, त्याचे सहा कामगार आणि रस्त्यावरचे बघे यांच्यासमोर काय म्हणालो, ते तू विसरला नसशील. मीही विसरलो नाही. मी म्हणालो, "पायात जोर नाही तर नाही, निदान तोंडात तरी खरं असू दे." तू किल्ली काढून बॉनेटवर ठेवलीस आणि चालत गेलास. तीन किलोमीटर, त्या पायानं.

माझ्या डोक्यात एकच होतं, की माझा दांडा हलका लागूच शकत नाही. तू घाबरलास, हाताऐवजी पाय टाकलास, पाय पुरला नाही, असं मी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी दांडा खाली मोडलेला दिसला तेव्हा म्हटलं, धडकेनं मोडला. सोडवला, गोणपाटात गुंडाळला आणि सीटमागे ढकलला. नीट बघितलाच नाही. जो माणूस बाजारातून बिजागरी आणली तरी उजेडात धरून बघतो, त्यानं.

त्याला पाच वर्षं झाली. तू वजनकाट्यावर बसून दुसऱ्यांच्या भरलेल्या गाड्या मोजतोस. बसनं जातोस, बसनं येतोस. तुझी बायको तुझ्या वहिनीला सांगत होती, शेजाऱ्यानं त्याची छोटी गाडी फक्त कडेला घ्यायला सांगितली तरी तू किल्ली हातात घेतली नाहीस. गेल्या वर्षी फोनवर मीच विषय काढला, तर तू म्हणालास, "जाऊ दे दादा, माझ्या पायाचंच चुकलं असेल." मला तेव्हा बरं वाटलं होतं, बारक्या. खरं तेच लिहितो. बरं वाटलं होतं.

जुनी गाडी रिकामी करताना गुरुवारी सकाळी ते गोणपाट हातात आलं. दांडा भंगारात टाकायचा म्हणून उलगडला आणि सवयीनं उजेडात धरला. पाइपला पट्टी जोडली होती तो वेल्डिंगचा टाका फाटला होता. फाटलेल्या कडेवर, आतल्या बाजूला, निळा रंग.

तू काय समजायचं ते समजला असशील, तरी सांगतो, कारण अर्धवट सांगितलेलं मला चालत नाही. पांढरी गाडी आपण निळी केली ती अपघाताच्या आदल्या वर्षी. दांड्यालाही तेव्हाच रंग दिला, मी, माझ्या ब्रशनं. रंग फटीच्या आत गेला, म्हणजे फट आधीच होती. मी मोजलं. चाळीसपैकी सव्वीस मिलिमीटरपर्यंत रंग आहे. उरलेल्या चौदा मिलिमीटरवर तू एक वर्ष भरलेली गाडी थांबवत होतास, आणि त्या उतारावर ते चौदाही सुटले. दांडा हलका लागला. तू अगदी बरोबर शब्द वापरला होतास.

फट का पडली, तेही बघितलं. पट्टीची कड तिरपी न घासता मी वरूनच टाका ओढला होता. आत धातू गेलाच नाही, वर नुसती साय. त्या दिवशी साहेबाची वेळ ठरली होती, ग्राइंडरचं पातं संपलं होतं आणि मी म्हटलं, चालेल. "कड घासल्याशिवाय टाका नाही" हे वाक्य मी तुझ्या कानीकपाळी किती वेळा ओरडलोय? एकदा तर तू केलेलं अख्खं फाटक मी त्याच कारणानं कापायला लावलं होतं. रंग देताना ब्रश फटीत अडखळला असणार. मी वरून आणखी एक हात फिरवला असेन.

दांडा घेऊन आधी लेथवाल्या काकांकडे गेलो. तुला माहीत आहे, माझं काम मी कुणाला तपासायला देत नाही. त्यांनी भिंग लावलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हे कुणाचं काम?" म्हटलं, माझं. ते म्हणाले, "मग बस, चहा घे."

तिथून बेकरीत. सकाळची वेळ, पावाला रांग. मी मुद्दाम त्याच वेळी गेलो, कारण तुला बोललो तेव्हाही माणसं होती. दांडा काउंटरवर ठेवला आणि मोठ्यानं सांगितलं, की त्या दिवशी माझ्या भावाची चूक नव्हती, हा टाका माझा होता, तो खरं बोलत होता. बेकरीवाला म्हणाला, "भिंतीचे पैसे तुम्ही तेव्हाच दिलेत, आता हे लोखंड पावाजवळून उचला." मग मला बाजूला घेतलं. म्हणाला, "मी वर पायरीवर उभा होतो, मला सगळं दिसत होतं. गाडी सरळ तुमच्या पाठीवर येत होती. त्यानं स्टिअरिंग ओढून भिंतीत घातली. तुम्हाला ठाऊक असेल असं मला वाटलं." मी म्हटलं, नव्हतं.

तू हे पाच वर्षांत कधी बोलला नाहीस. का, ते विचारणार नाही. मी ऐकलं असतं असं म्हणायला तोंड नाही.

त्यानंतर मी नवा दांडा केला. कड दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत घासली, टाका तीन थरांत भरला, आणि आता जोड नुसत्या टाक्यावर नाही, दोन बोल्टही आहेत. एक सुटलं तरी दुसरं धरेल. काकांनी तपासलं, एक बोल्ट बदलायला लावला, मी मुकाट बदलला. मग दांडा जुनीत बसवून हौद्यात बरोबर एक हजार ऐंशी किलो लोखंड भरलं, माझा उजवा पाय पट्ट्यानं सीटला बांधला आणि मागच्या रिकाम्या आवारातल्या उतारावर चाळीस वेळा गाडी थांबवली. तुझी वहिनी कपडे वाळत घालता घालता ओरडली, "पाय सोडा तो, कुणी बघितलं तर काय म्हणेल!" चाळीसच्या चाळीस वेळा थांबली. चौकटीतून मागे आत घेताना मात्र चौथा ओरखडा गेला. तपासणीच्या साहेबाचा शिक्काही आणलाय, कागद पेटीत आहे, सोळाच्या पान्याखाली. दांड्याला रंग दिलेला नाही. रंगाशिवायच ठेवायचा, नुसतं तेल. वाटेल तेव्हा टाका बघता आला पाहिजे.

म्हणून हे पत्र. फोनवर तू "जाऊ दे दादा" म्हणाला असतास आणि मी जाऊ दिलं असतं. शाळेचे कठडे पुढच्या महिन्यात पोचवायचे आहेत, गाड्या दोन आणि चालवणारा मी एक. जुनी तुझ्या गळ्यात मारतोय असं समजू नकोस. नवीतही दांडा बसतो, मापं वहीत आहेत, या वेळी उंचीसकट. कुठली घ्यायची ते तू ठरव. रविवारी दुपारी ये, आधी स्वतः गाडीखाली झोपून माझा टाका बघ, पटला तरच किल्ली उचल. ती बॉनेटवर ठेवलेली असेल. सगळ्या अकरा वस्तू पुन्हा जागच्या जागी लावल्या आहेत. टायवाला काल गाडी न्यायला आला होता. आत वाकून बघितलं, हा दांडा काढून द्या म्हणाला, आणि आधीचा आकडा पंधरा हजारांनी वाढवून एक लाख पंचाऐंशी हजार देऊ केले. मी नाही म्हणालो.

तुझाच,
दादा