लंबूचा शेवटचा प्रसंग

३ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

सिनेमा होत आला. हा भुताचा, विनोदी की लढाईचा, हे निर्मात्याला अजून कळत नाही. मी सांगितलं, माझ्या काकांच्या घरात चालतं ते असंच सरमिसळ असतं. तुमचं काम करणारा नट तुमच्यासारखाच दाराकडे तोंड करून जेवतो. आमच्या सिनेमातलं लंबूचं भूत मात्र गाणं म्हणत येतं, त्याबद्दल आधीच माफी मागते.

शेवटचा प्रसंग सोमवारी आहे. लढाईनंतर तुम्ही लंबूच्या बहिणीला पत्रानं कळवलं होतं तसाच लिहिलाय: तो तुमच्या मांडीवर डोकं ठेवून शांतपणे जातो. पण नट विचारतो की एवढ्या शांतपणे गेलेला मित्र भूत होऊन मागे का लागेल. तुम्हीच सांगा.

रागावू नका, म्हणजे झालं.
तुमची पुतणी,
चिमी

६ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अ. उ. आ.

तुझा नट हुशार आहे, त्याला सांभाळून ठेव. आमचा लंबू गात नाही. मी दुकानात किल्ली घासत असलो की काउंटरपाशी उभा राहून पाणी मागतो. मी मशीन चालू ठेवतो.

मी त्याला सोडून आलो तेव्हा तो जिवंत होता. पोटात गोळी होती, पण शुद्धीवर होता. पाणी आणतो म्हणून मी ओढ्यात उतरलो. बाकीचे माघारी निघाले होते, त्यांच्यामागून गेलो. एवढंच. हे लिहितानाही अक्षर नेहमीसारखंच आलंय. मला आता काही वाटतच नाही, त्याचीच भीती वाटते.

तुला खोटं खपत नाही, ठाऊक आहे. पण त्याची बहीण पहिल्या खेळाला येणार आहे. प्रसंग आहे तसाच ठेव. माझ्यासाठी मागत नाही.

आईला विचारलंय म्हणून सांग. या म्हाताऱ्यावरची माया आटू देऊ नकोस.
काका

१० फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न.

तुमच्या शब्दाखातर ठेवला. नट दिवसभर तोंड पाडून होता, मीही जेवले नाही. सगळे म्हणतात की तोच प्रसंग सर्वांत खरा वाटतो. बहिणीनं तुमच्याच शेजारची खुर्ची मागितलीय. याल ना?

वाट पाहते.
चिमी

२ एप्रिल

चि. चिमीस,
अ. उ. आ.

तू गर्दीत अडकलीस, म्हणून लिहितो. लोक हसले, गाण्याला टाळ्याही पडल्या. शेवटी बहीण रडली. मी पडद्याकडे बघत बसलो.

बाहेर पायऱ्यांवर ती म्हणाली की माझ्या त्या पत्रावर तिचा कधीच पुरता विश्वास बसला नव्हता. आपला भाऊ कुठेतरी एकटाच पडून गेला असावा, हे तिच्या मनातून एवढ्या वर्षांत हललं नव्हतं. आज डोळ्यांनी पाहिलं, आता पटलं, म्हणाली. मग तिनं विचारलं की अगदी असंच झालं होतं ना.

मी हो म्हणालो.

तब्येतीला जप.
काका