कोपऱ्यातल्या बाईचे हात

प्रिय भुवई,

कागदावर तुझं नाव लिहायची वेळ माझ्यावर फारशी येत नाही. आपल्या खुणांच्या भाषेत तुझं नाव म्हणजे भुवईला टेकवलेली दोन बोटं. पाळण्यात असताना तू अनोळखी माणसाकडे एक भुवई उचलून बघायचीस, म्हणून तुझ्या आईने ते ठेवलं. एकाच घरात राहून बापाने मुलीला पत्र लिहावं हे तुला चमत्कारिक वाटेल, पण तुझ्याशी समोरासमोर बोलायचं म्हणजे पंचाईत असते. ऐकायचं नसलं की तू सरळ मान फिरवून खिडकीबाहेर बघतेस आणि माझे हात हवेतच राहतात. कान असलेल्या बापांना निदान पाठीमागून ओरडता तरी येतं. लहानपणी तापात माझे कान गेले, पण तोवर शिकलेली भाषा राहिली, तिचा आज उपयोग करतो आहे. शेवटपर्यंत वाच. सवयीप्रमाणे आधी शेवटचं पान बघू नकोस.

पहिल्यांदा आमच्या बहिऱ्यांच्या मंडळातली बातमी. शिवणवाली आता रोज येते. पुढच्या रांगेतली कडेची खुर्ची तिने स्वतःची करून टाकली आहे आणि दुसरं कुणी बसलं तर त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहते. वादळानंतर ती पुन्हा मंडळाची पायरी चढेल असं मला वाटलं नव्हतं. तू त्या वेळी कामावर अडकली होतीस, म्हणून तो दिवस मी तुला धड कधी सांगितलाच नाही. आम्ही सगळे बहिरे दुपारच्या बातम्यांना मंडळाच्या खोलीत जमलो होतो. पडद्याच्या कोपऱ्यात खुणांनी बातम्या सांगणारी ती बाई, जिला आम्ही सगळे ‘कोपऱ्यातली बाई’ म्हणतो, ती वादळाबद्दल सांगत होती. ‘खालच्या गल्लीतल्या लोकांनी’ एवढंच कळलं, आणि पुढे चित्राचे चौकोनी तुकडे झाले. तिचा एक हात पडद्याच्या एका बाजूला, दुसरा गोठलेला. चित्र जोडलं गेलं तेव्हा ती दुसऱ्याच बातमीवर होती.

ऐकणाऱ्या माणसाला असं चित्र फुटलं तर तो चरफडतो, पण आवाज थोडाफार कानावर पडतच असतो. आमचं तसं नाही. तिचे हात फुटले की आमची बातमीच फुटते. त्या दिवशी खोलीत भांडण जुंपलं. खिळेवाला, म्हणजे आमचा अध्यक्ष, जन्मभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेला माणूस, तो म्हणे घर सोडायला सांगितलंय. धोबी म्हणे, घराबाहेर पडू नका असं सांगितलंय. खालच्या गल्लीत राहणारी एकटी शिवणवाली. तिने धोब्याचं मानलं. संध्याकाळी पाणी तिच्या खाटेपर्यंत आलं. शेजाऱ्याने खिडकीतून ओढून काढली म्हणून वाचली, मशीन मात्र गेलं. धोबी अजून तिच्याकडे सरळ बघत नाही, आणि तीही इतके दिवस कुणाकडेच बघत नव्हती.

चित्र फुटायचं आधीपासूनच, तेवढ्या एका वाहिनीचं. तक्रार केली की दुरुस्तीचा माणूस यायचा, टीव्ही बंद करून चालू करायचा आणि जायचा. त्याचाही दोष नाही, तो येई तेव्हा चित्र बरं असे. वादळानंतर खिळेवाल्याने मनावर घेतलं आणि कुठूनसा बूस्टर आणून बसवला. सिग्नलला ताकद कमी पडते, ताकद द्या, असा त्याचा हिशेब. त्यानंतर सगळ्याच वाहिन्या फुटायला लागल्या. खिळेवाला म्हणाला, मंडळात टीव्ही नकोच, पत्ते खेळू. त्या दिवशी घरी येऊन मी तुला सांगितलं, आणि तू सुट्टीच्या दिवशी सिग्नल मोजायचा मीटर गळ्यात अडकवून माझ्याबरोबर निघालीस.

तुझं काम मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तू सकाळी जातेस, धुळीने माखून परत येतेस, एवढंच माहीत. मी सुतार माणूस. मला वाटायचं टीव्हीचं काम म्हणजे तारा खेचायच्या आणि पेचकस फिरवायचे. तुझी पिशवी उचलून चालताना मनात होतं की दहा मिनिटांत होईल. तू टीव्हीकडे पाहिलंही नाहीस. भिंतीतली तार काढून मीटरला लावलीस आणि बटणं दाबत एक आकडा भरलास. मी विचारलं, वाहिनीचा नंबर का टाकला नाहीस? तू म्हणालीस, नंबर आपल्या सोयीसाठी असतो, मीटरला तिची फ्रिक्वेन्सी सांगावी लागते, ती चुकली तर पुढचं सगळं माप दुसऱ्याच कुणाचं येईल. मग सिग्नलची पातळी किती असावी, त्याची खालची आणि वरची हद्द भरलीस. वरची हद्द कशाला, हे मला कळलं नाही. पाणी, पगार आणि सिग्नल जितका जास्त तितका बरा असं मी धरून चाललो होतो. मीटर लाल झाला तेव्हा मी मान हलवून म्हणालो, बघ, कमी पडतोय. तू हसलीस आणि म्हणालीस, जास्त झालाय.

त्यावर खिळेवाल्याचा चेहरा पडला, आणि तू तो पडू दिला नाहीस. खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, भिंतीला टेकून उभी राहिलीस आणि छातीपाशी अगदी बारीक बारीक खुणा केल्यास. काय म्हणाले मी? कुणाला काही कळलं नाही. मग तरातरा चालत येऊन खिळेवाल्याच्या नाकापुढे हात नाचवायला लागलीस, इतक्या जवळ की बिचारा मागच्या मागे खुर्चीवर बसला. आता काय म्हणाले? तेही कळलं नाही. मग चार पावलं मागे सरून, साध्या मापाने म्हणालीस: सिग्नलचंही असंच असतं, काका. सगळी खोली हसली, धोबीसुद्धा. खिळेवाल्याने आपल्या हाताने बूस्टर काढला आणि तो आता त्याच गोष्टीचा शहाणपणा येणाऱ्या-जाणाऱ्याला नाकाशी जाऊन समजावतो.

पातळी हद्दीत आली, बाकीच्या वाहिन्या स्वच्छ झाल्या. मला वाटलं संपलं. पण कोपऱ्यातली बाई अजून फुटतच होती. मी असतो तर इथे वैतागलो असतो. तू पिशवीतलं फडकं काढून हात पुसलेस आणि एकेक फ्रिक्वेन्सी भरत, एकेक पातळी वाचत खालपासून वर गेलीस. घाई नाही, आदळआपट नाही. मी रंधा मारल्यावर फळीवरून तळहात फिरवतो ना, कुठे खड्डा लागतो ते बघायला, तसं तुझं चाललं होतं. आणि लागला खड्डा. नेमक्या त्या वाहिनीच्या जागी पातळी खाली बसलेली. बोट ठेवून मला दाखवलास.

मग जिना. गच्चीवर तार उघडून तीच फ्रिक्वेन्सी, तेच माप: खड्डा नाही. एक मजला खाली: नाही. त्याच्या खालच्या मजल्यावर विजेच्या पेटीमागे हात घालून तू कोळ्यांच्या जाळ्यांसकट एक जोड बाहेर काढलास. कुणीतरी कधीकाळी मधल्या बिऱ्हाडासाठी नुसत्या तारा पिळून फाटा काढला होता. ते बिऱ्हाड गेलं, टीव्ही गेला, तार भिंतीत तशीच उघडी राहिली. तू दोन्ही हातांनी मला दाखवलंस: सिग्नल त्या रिकाम्या खोलीकडे जातो, तिथे घेणारं कुणी नाही, टोकाला आपटून परत येतो आणि मागून येणाऱ्यालाच धडकतो. तारेची लांबी अशी की त्या एका वाहिनीचीच धडक बसते. एवढं मोठं वादळ आणि एवढा गोंधळ, आणि मुळाशी कुणाच्या तरी रिकाम्या खोलीतला तारेचा तुकडा. तू तो कापलास, नीट जोड केलास, आणि पुन्हा मोजलंस. चित्र आलं की नाही हे बघायला मी खाली पळणार होतो, तू दंड धरून थांबवलंस. आकडा स्थिर होईपर्यंत तू तिथून हललीच नाहीस.

त्या जिन्यात तुझ्याकडे बघताना मला इस्पितळ आठवलं. तुझ्या आईचे रिपोर्ट आले होते, डॉक्टर बोलत होते आणि तू आमच्या दोघांसाठी हातांनी सांगत होतीस. कॉलेजात जाणारी पोर तू. डॉक्टरांनी जे सांगितलं ते तू तसंच सांगितलंस, एकही शब्द मऊ केला नाहीस, एकही कडक केला नाहीस. तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तू हात थांबवले नाहीस. त्यामुळे तुझ्या आईला आपल्या हातात किती दिवस आहेत ते खरं कळलं आणि तिने ते तिच्या मनासारखे घालवले. त्याबद्दल ती तुझे उपकार मानायची, मला रोज सांगायची. तुला कधी बोलली नसेल.

खाली आलो तेव्हा खिळेवाला शिवणवालीला घेऊन आला होता, जवळजवळ ओढतच. बातम्या लागल्या. कोपऱ्यातली बाई अखंड, बोटाच्या टोकापर्यंत. शिवणवाली दाराशीच उभी होती. मग तिचे हात आपोआप हलायला लागले, बाई सांगेल तो शब्द न शब्द ती पाठोपाठ म्हणत होती, मुलं पाढे म्हणतात तसं. बातम्या संपल्यावर ती धोब्यापाशी गेली आणि म्हणाली, तुझी चूक नव्हती, तिचे हात तुटले होते. धोबी तोंड फिरवून चष्मा पुसत राहिला. तू हे काही पाहिलं नाहीस, तू मीटर पिशवीत भरत होतीस.

आता मुद्द्याचं. गेल्या आठवड्यात तुझे साहेब मला बाजारात भेटले. त्यांना आपल्या खुणा येत नाहीत, म्हणून त्यांनी मोबाइलवर लिहून दाखवलं की प्रक्षेपण केंद्राने तुला बोलावलं आहे, तिकडेच राहून अख्ख्या प्रदेशाचे सिग्नल तपासायला, हाताखाली माणसं देऊन. आणि तू वडिलांचं कारण सांगून नाही म्हणालीस. मी भाजी न घेताच परतलो. घरी आल्यावर हातांनी बोललो असतो तर तू मान फिरवली असतीस, आणि मी तुझ्या पाठीकडे बघत बसलो असतो. म्हणून हे पत्र. पोरी, मी म्हातारा झालो आहे, अडलेला नाही. डॉक्टरांकडे मी लिहून विचारतो, दुकानदाराला बोटांनी दाखवतो. तू नसलीस की घर ओकंबोकं होईल, हे खोटं कशाला सांगू? पण तुझं काम मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ते पाहिल्यानंतर माझ्यासाठी तुला या चार गल्ल्यांत अडकवून ठेवणं मला जमणार नाही. उद्या सकाळी साहेबांना हो म्हणून ये. मागे फिरायला वाट ठेवलेली नाही मी. तुझी खोली खिळेवाल्याला कबूल करून बसलो आहे, रविवारी तो ट्रंक घेऊन येतोय. शनिवारपर्यंत तुझी कपाटं रिकामी कर.

तुझाच,
बाबा