कापूस, बटण, मावशी आणि माझा शांत स्वभाव

रविवार, १ मार्च. सकाळी ११.
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही, त्यामुळे सगळं खरं लिहिणार.

माझी लेक बबडी आली होती. सोबत तिची आई. आई दारातच उभी राहिली, आत आली नाही. दोघी चार महिने माझ्या मेहुण्याकडे राहताहेत. कारण खास काही नाही. स्वयंपाकघराचं दार निखळलं. ते आधीपासूनच सैल होतं, मी नुसतं लोटलं. आता तिची आई म्हणे वेगळी जागा बघतेय. बघू दे. चार घरं बघितली की आपलं घर आठवेल.

तर मुद्दा. मेहुण्याच्या बायकोला प्राण्यांच्या केसांनी शिंका येतात, म्हणून बबडीने पंधरवड्यापूर्वी दुकानातून आणलेले प्राणी महिनाभर माझ्याकडे. दोन गिनीपिग, कापूस आणि बटण, सख्खे भाऊ (दुकानदाराची गॅरंटी). एक हॅमस्टर, नाव मावशी, अविवाहित (तीच गॅरंटी).

करार असा: २९ तारखेला बबडी येऊन बघणार. सगळे नीट असले तर दर शनिवार-रविवार माझ्याकडे राहायला येणार. नसले तर नाही. ठरवणार ती स्वतः. वय वर्षं नऊ, बोलणं वकिलाचं.

जाताना वहीच्या पानावर लिहिलेले अकरा नियम देऊन गेली. नियम एक: 'बाबा, ओरडायचं नाही.' हसू आलं. मी ओरडत नाही. सतरा वर्षं शाळेत पीटी शिकवतोय, आवाज मैदानाचा आहे इतकंच. चार नियम वाचले. पुढचे सगळे कॉमन सेन्स असणार. कागद फ्रिजवर लावून टाकला.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो. शेवटची दोन वर्षं आमच्या घरात भांडण असं झालंच नाही. मी बोललो की दोघी एकदम शांत. आदर्श घर. मग गेल्या कशाला, देव जाणे.

सोमवार, २ मार्च. सकाळी ६.४०.
टाइमटेबल लावलं. ६ ला शिट्टी, ६.०५ हजेरी, ६.१५ खाणं. शिट्टी वाजवताक्षणी कापूस आणि बटण जागच्या जागी थांबले. मिशीसुद्धा हलली नाही. चक्क पाच मिनिटं! सातवी 'ब'ला हे शिकवायला मला अख्खं वर्ष लागलं होतं.

मावशी हजेरीला गैरहजर. भुशात झोपली होती. हात घालून उठवली. चावली. दात अंगठ्यात असे रुतले की हात वर केला तर ती पण वर आली. मी तिला फेकलं नाही. हात झटकला. ती पडद्यावर जाऊन आपटली आणि पडदा धरून लोंबकळत राहिली. चपळ आहे, मानलं. नंतर तिच्या काचेच्या पेटीवर एक बुक्की मारली, पण ती समज देण्यासाठी. काचेला तडा गेला. काच जुनीच होती.

संकल्प: महिनाभर एकदाही चिडायचं नाही. आजचं धरायचं नाही.

गुरुवार, ५ मार्च.
कापूस भयंकर सुटलाय. पोट जमिनीला टेकतं. पॅसेजमध्ये वीस फेऱ्यांचा प्रोग्राम सुरू केला. मागून झाडू आपटत मी. तिसऱ्या फेरीला गडी आडवा. आळशी! बटणचा स्टॅमिना मात्र बघावा. दिवसभर घुर्र घुर्र करत, कंबर हलवत भावाच्या मागे मागे. भावाभावांत एवढं प्रेम आजकाल कुठे दिसतं?

शनिवार, ७ मार्च. सकाळी ७.
मावशीला पिल्लं! सहा. गुलाबी, शेंगदाण्याएवढी, डोळे मिटलेले. अविवाहित म्हणे!

घाबरलो नाही. एकेकाला चिमटीत उचलून वजनकाट्यावर ठेवलं, वजन लिहून घेतलं. सगळी सारखीच दिसतात, हजेरी कशी घ्यायची? मार्कर पेनने पाठीवर नंबर टाकले. एक ते सहा. आमच्या खो-खोच्या टीमलासुद्धा एवढ्या वेळेवर नंबर मिळत नाहीत. मावशी कोपऱ्यातून बघत होती. हरखून गेली असावी.

रविवार, ८ मार्च. सकाळी ६.०५.
हजेरी: चार. दोन आणि पाच नंबर गैरहजर. भुसा उपसला. पाच नंबरचा पाय सापडला. नुसता पाय.

सकाळी ६.३०.
हजेरी: तीन. माझ्या डोळ्यांदेखत मावशीने तीन नंबर दोन्ही हातांत धरला आणि डोक्याकडून सुरुवात केली. कुरकुर आवाज येत होता. आपण गाजर खातो तसा. मी शिट्टी वाजवली. तिने माझ्याकडे बघत आणखी भराभर खाल्लं.

सकाळी ९.
प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पहिले दोन आठवडे पेटीकडे फिरकायचंसुद्धा नसतं, पिल्लांना परका वास लागला, आईला धोका वाटला की ती त्यांना खाऊन टाकते. मार्करचं त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. मग ओरडल्या. नोंद असावी: त्या ओरडल्या, मी नाही. मी फोन ठेवला आणि मग फरशी पुसायचा दांडा मोडला. दोन ठिकाणी.

सोमवार, ९ मार्च.
हजेरी: शून्य.

पेटी साफ केली. एक नंबर अर्धा होता.

शाळा सुटल्यावर दुकानदाराकडे गेलो. त्याची कॉलर धरली नाही, सरळ केली. शिवण आधीच उसवलेली असणार. माशांच्या खाण्याचं अख्खं कपाट खाली आलं, ते त्याने मागे सरकताना पाडलं. पोपट किंचाळत होते. दुकानदार म्हणाला, तुमच्यासारख्या माणसाला मी झुरळसुद्धा विकणार नाही. मी म्हटलं, झुरळं माझ्याकडे आहेत. हसत म्हटलं. बाहेर आलो तेव्हा हाताला रक्त होतं, कुणाचं ते कळलं नाही. बहुधा माझंच, अंगठ्याचं.

बबडीला पिल्लांचं माहीतच नाही, म्हणजे तसं काही बिघडलेलं नाही. आले तीन, आहेत तीन.

बुधवार, ११ मार्च. दुपारी १.
कापूसने माझ्या बुटांशेजारी बसून चार पिल्लं घातली. म्हणजे कापूस ती आहे. म्हणजे भावाभावांचं प्रेम वगैरे नव्हतं. म्हणजे मी बाळंतपणाला आलेल्या बाईकडून फेऱ्या मारून घेतल्या. दुकानदाराची कॉलर सरळ केली ते योग्यच केलं.

पण काय पिल्लं आहेत! अंगभर केस, डोळे टक्क उघडे, तासाभरात पळायला लागली. वॉर्मअपसुद्धा नाही! सगळ्यांत धाकटं पांढरं आहे, एक कान काळा. ते माझ्या तळव्यावर बसलं आणि अंगठ्याची पट्टी चाटत राहिलं. यांना हात लावायचा नाही, नंबर टाकायचे नाहीत. शिकतो मी. कोण म्हणतं शिकत नाही?

दुपारी ४.
सगळ्यांना टोपलीत घालून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पिल्लं ठणठणीत. पण बटण बाप आहे, त्याला आजच्या आज वेगळं करा म्हणाल्या. बाळंत झाल्या झाल्या तो पुन्हा तिच्या मागे लागतो, त्या पळापळीत पिल्लं पायाखाली येतात. मी विचारलं, बापाचा गुन्हा काय? त्या म्हणाल्या, गुन्हा नाही हो, स्वभाव आहे, थोडे दिवस वेगळा ठेवा म्हणजे सगळे सुखात राहतील.

हे वाक्य मी आधी ऐकलंय. मेहुण्याच्या तोंडून. अगदी याच शब्दांत.

तळपायाची आग मस्तकात गेली. चिडलो नाही. हो हो म्हणून घरी आलो. बापाला घराबाहेर काढायचं? मुलं झाली त्या दिवशी? माझ्या घरात हे होणार नाही. बटण कुटुंबातच राहील. बाप बघितला की मुलांना शिस्त लागते.

गुरुवार, १२ मार्च. सकाळी ६.१०.
शिट्टी वाजवली. आज शांत झाले नाहीत. बटण कापूसच्या मागे, कापूस पिंजऱ्याच्या कडेकडेने, पिल्लं मध्ये. पाण्याची बाटली खाली आली. मी हात घातला, तर बटणने तळव्याचा लचकाच तोडला. मी ओरडलो. हो, ओरडलो, लचका तुटल्यावर काय गाणं म्हणू? ओरडल्याबरोबर सगळे उधळले. बटण सरळ धाकट्याच्या अंगावरून गेला, आणि त्याच्या मागून पिंजऱ्यातला लाकडी ओंडका.

सकाळी ६.३०.
मान वाकडी झाली होती. थोडा वेळ मागचे पाय हलत होते, मग थांबले.

बटणला बुटांच्या खोक्यात टाकला. आपटला नाही. जोरात ठेवला. मग कपाटाच्या दारावर बुक्की मारली. दार प्लायवूडचं. हात मनगटापर्यंत आत गेला.

दुपारी २.
हाताला चार टाके. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, कुत्रा का? मी हो म्हटलं. गिनीपिग कसं सांगणार?

धाकट्याला शाळेच्या मैदानात, लांब उडीच्या खड्ड्यामागे पुरलं. खिशातून नेलं होतं. काढलं तेव्हा अजून कोमट वाटलं, माझ्याच अंगाची ऊब असेल. मी रडलो नाही. रडलो. कुणाला दाखवायची नाही म्हणून लिहितोय. बराच वेळ रडलो.

शनिवार, १४ मार्च.
स्कोअर: आले तीन, आहेत तीन, वर तीन बोनस. बबडी खूश होणार. कपाटाच्या भोकावर कॅलेंडर लावलं. कमरेच्या उंचीवर कॅलेंडर जरा विचित्र दिसतं, पण लहान मुलांना वाचायला सोपं पडतं.

शुक्रवार, २० मार्च. संध्याकाळी ६.
बटण खोक्यात आठ दिवस. खात नाही नीट. बघवेना. त्यालाही कळलं असेल चुकलं ते. म्हटलं, पुन्हा एकत्र आणू, सगळं पहिल्यासारखं होईल. उचलून पिंजऱ्यात सोडला.

कापूस हा इतका गरीब जीव, आजवर हूं की चूं नाही. तिने तोंड उघडलं, दात कडाकडा वाजवले आणि त्याच्या अंगावर झेप घेतली. कान फाडला. अर्धा कान गवतावर पडला. मी बॅडमिंटनची रॅकेट मध्ये घातली, तिने जाळी तोडली. रॅकेटची मूठ मी नंतर तोडली. बटणच्या डोळ्यात रक्त, माझ्या शर्टावर रक्त, पिल्लं कोपऱ्यात एकावर एक.

हिला अचानक एवढं काय झालं? इतके दिवस तर गप्प होती. काही बोलायचं होतं तर आधी बोलायचं.

शनिवार, २८ मार्च.
पिंजरा धुतला. पेटीच्या तड्यावर चिकटपट्टी. बटण वेगळ्या पिंजऱ्यात, फाटका कान भिंतीकडे. बबडीच्या खोलीत नवी चादर घातली. उशी कोणती आवडते ते आठवेना, दोन ठेवल्या. खात्री आहे. पुढच्या शनिवारी ती इथे असेल.

रविवार, २९ मार्च. दुपारी १२.
आल्या दोघी. या वेळी तिची आई आत आली. तीन पिल्लं बघून बबडी किंचाळली, आनंदाने. गुडघ्यांवर बसून तिने गाजर पुढे केलं, आणि कापूस आणि पिल्लं जी काही वीक वीक करायला लागली! महिनाभरात मी हा आवाज ऐकलाच नव्हता. कानठळ्या बसायची वेळ.

मला वाटलं, बबडीला वाटेल मी काही वळण लावलं नाही. म्हणून शिट्टी वाजवली.

सगळे थांबले. एकदम. मी म्हटलं, बघितलंस? मग लक्षात आलं, बबडीचाही गाजराचा हात तसाच राहिला होता. तिची आईपण, पर्स उघडता उघडता, तशीच.

मग बबडी उठली. फ्रिजवरचा कागद बघितला. विचारलं, सगळे नियम वाचलेस? मी म्हटलं, पाठ आहेत. अकरावा कुठला, म्हणाली. मी म्हटलं, स्वच्छता. ती बरं म्हणाली. कॅलेंडर उचललं, भोक बघितलं. हे कुणी केलं? माझ्या तोंडून निघून गेलं, बटणने. तिने भोकाची उंची बघितली, बटणकडे बघितलं. भांडली नाही. रडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

त्यांना दोन खोल्यांची जागा मिळालीये. कापूस, पिल्लं आणि मावशी तिकडे गेली. शनिवार-रविवारचं विचारलं, तर म्हणाली, आत्ता नको बाबा. बटण तुझ्याकडेच राहू दे, त्याला वेगळंच ठेवायला लागतं, महिन्याने येऊन बघीन. दारातून परत आली आणि त्याच्या फाटक्या कानावरून एक बोट फिरवून गेली.

संध्याकाळी ५.
फ्रिजवरचा कागद काढला. अकरावा नियम स्वच्छतेचा नाही. 'गिनीपिग घाबरले की गप्प बसतात. गप्प बसले म्हणजे शांत झाले असं समजायचं नाही.' खाली रेघ मारलीय. दोनदा.

शिट्टी बूट ठेवायच्या कपाटात, अगदी मागे टाकली.

संध्याकाळी ६.
बटण तासभर कोपऱ्यात बसून आहे. हूं नाही की चूं नाही. मी पिंजऱ्याजवळ बसलो. त्याला म्हटलं, बोल की रे. अगदी हळू म्हटलं. गाजर दाखवलं. पुन्हा म्हटलं, बोल. मग जरा मोठ्याने म्हटलं.

तो आणखी मागे सरकला.