नववा विषय, किरकोळ

स्मेल्ट कोव्ह, मेन
एप्रिल, चिखलाचे दिवस

आदरणीय थेल्माताईस,

तुझा धाकटा भाऊ ओरिन (साठी उलटली तरी गावात अजून ‘थेल्माचा धाकटा’च) याचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात लिहिलं होतंस की फ्लोरिडात गुडघा अजिबात दुखत नाही, फक्त शेजारच्या तळ्यातली मगर अधूनमधून अंगणात येऊन बसते. इकडे मगरी नाहीत, त्यामुळे गुडघे दुखले तरी चालतात, अशी मी मनाची समजूत घातली आहे. माझी तब्येत उत्तम. खोकला आहे, पण तो इतका जुना की आता घरातलाच वाटतो. होडीला रंग द्यायचा राहिलाय, मांजर जाड झालंय, आणि छप्पर तू गेलीस तेव्हा जिथं गळत होतं तिथंच गळतंय. पत्र लिहायला तसं काहीच कारण नाही. गावात जे घडलं ते पोस्टमास्तर तुला तिखटमीठ लावून कळवणार हे ठाऊक आहे, म्हणून म्हटलं आपणच आधी सरळ शब्दांत सांगावं.

मार्चमधली गावसभा शाळेच्या सभागृहात नेहमीसारखी पार पडली. नेहमीसारखी म्हणजे काय ते तुला सांगायला नको. अख्खं गाव लोकरी टोप्या घालून बाकांवर, समोर टेबलाशी मर्ल हंटली लाकडी हातोडा घेऊन अध्यक्ष, त्याच्या शेजारी गावची क्लार्क व्हर्ना, आणि जो माणूस ऐन वेळी बाहेर गेला त्याच्या गळ्यात कुणालाच नको असलेलं पद. (तू एकदा रडणारं पोर घेऊन बाहेर गेलीस आणि आत आलीस ती कुंपणांची तपासनीस होऊन. वर्षभर लोकांच्या गाई तुझ्या नावानं हंबरत होत्या.) गैरहजर माणसाला नाही म्हणता येत नाही हा आपल्याकडचा नियम कुठं लिहिलेला नाही, पण लिहिलेल्या नियमांपेक्षा तोच जास्त पाळला जातो. म्हणून मी सभेच्या दिवशी सकाळपासून कॉफीला शिवत नाही. ताई, आजवर एकदाही मी मतदान संपेपर्यंत बाक सोडला नव्हता. लोक आपल्या पोरांना माझं उदाहरण द्यायचे.

या वर्षी पहिला तास गावातल्या एकुलत्या एका रस्त्यावरच्या दिव्यावर गेला. तो दिवा मर्लच्या झोपायच्या खोलीसमोर आहे. तो बंद व्हावा ही मर्लची फार दिवसांची इच्छा, पण अध्यक्षाला स्वतः बोलता येत नाही, त्यामुळे तो बिचारा नुसता लाल होत बसला होता. धक्क्याकडच्या बायका म्हणाल्या की दिवा हवाच, नाहीतर नवरे खेकडे विकून परस्पर कुठं जातात ते कळत नाही. नवरे म्हणाले की दिवा नको, वीज वाचेल. शेवटी दिवा ठेवायचा पण त्याचं तोंड फिरवायचं असं ठरलं. आता तो चर्चच्या भिंतीवर उजेड पाडतो आणि तिथं बघण्यासारखं काहीही नसतं.

आता व्हर्नाचं. तिचा नवरा चेस्टर क्राउली गेल्यापासून मी तिची लाकडं फोडून देतो आणि ती शनिवारी मला जेवायला घालते, हे तुला माहीत आहे. (मागे तू यावर जे काही लिहिलं होतंस ते मी वाचलं नाही असं समज.) काकवी घालून दिवसभर मंद आचेवर ठेवलेल्या बीन्स, तपकिरी पाव आणि लोणचं. मी जेवतो, ‘छान झालंय’ म्हणतो, टोपी घेतो आणि घरी येतो. इतकी वर्षं त्यात काही बिघडलं नव्हतं. तर सभेच्या दुपारच्या जेवणासाठी तिनं आपलं मोठं बीन्सचं भांडं चर्चच्या बायकांच्या ताब्यात दिलं होतं आणि सकाळीच मला बजावलं होतं, “ओरिन, मला टेबलावरून उठता येणार नाही. मी खूण केली की माझं भांडं बघून ये. त्या एडिथच्या हातात आच दिली तर कोळसा होईल त्याचा.” माझ्या शनिवारच्या भांड्याचा प्रश्न होता, म्हणून मी हो म्हटलं. दिव्याचा विषय संपता संपता तिनं पेन्सिलीनं स्वयंपाकघराकडे खूण केली. मी उठलो. भांड्याचं झाकण काढून चमचाभर चव घेतली (मीठ थोडं कमी होतं) तोच सभागृहात हातोडा आपटला आणि टाळ्या वाजल्या. मी परत आलो तो शिंपल्यांचा राखणदार होऊन.

मर्ल म्हणाला, “एकमतानं. अभिनंदन.” मी म्हटलं, “माझं नाव सुचवलं कुणी?” तेव्हा सगळं गाव छताकडे बघू लागलं. व्हर्ना मात्र मान खाली घालून लिहीत होती. मग तिनंच मला हात वर करायला लावून शपथ दिली. शपथ देताना क्लार्कनं हसायचं नसतं असं माझं मत आहे.

काम कसलं, तर ओहोटीला किनाऱ्याचा चिखल उघडा पडला की कोण कुठं शिंपल्या खणतंय ते बघायचं, लहान शिंपल्या परत चिखलात टाकायला लावायच्या, आणि चर्चखालच्या कोपऱ्यात गावानं या वर्षी शिंपल्यांचं बी सोडलंय तिथं कुणाला पाऊल ठेवू द्यायचं नाही. गावानं मला एक पितळी कडी दिली. शिंपली त्या कडीतून आरपार गेली तर लहान. एक जाकीट दिलं, ज्याची बटणं मागचा राखणदार क्लेटन आपल्या पोटाबरोबर घेऊन गेलाय. आणि क्लेटनचेच कमरेपर्यंतचे रबरी बूट दिले, ज्यांत मी आणि मांजर दोघं मावू.

पहिल्याच ओहोटीला मी किनाऱ्यावर गेलो आणि काय बघतो, बी सोडलेल्या कोपऱ्यात बरोबर मधोमध, लाल टोपी घालून, शिंपल्या खणायचा दातेरी पंजा हातात घेऊन, गुणगुणत, व्हर्ना. लपायचा प्रयत्न नाही, घाई नाही. पोस्टाच्या खिडकीतून सरळ दिसेल अशी जागा तिनं निवडली होती, आणि त्या खिडकीत आधीच गर्दी होती. मी लांबूनच म्हटलं, “व्हर्ना, हा चिखल बंद आहे.”

“माहीत आहे. पाटी मीच टाइप केलीय.”

“मग खणतेस कशाला?”

“राखणदार कामावर येतो की नाही ते बघायला.”

ताई, तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस? एकीकडे शपथ, दुसरीकडे शनिवार. सोडून दिलं तर खिडकीतलं अख्खं गाव म्हणणार की ओरिन बीन्सला विकला गेला. पकडलं तर शनिवार गेला. मी वेळ काढायचा म्हणून तिची टोपली घेतली आणि एकेक शिंपली कडीत घालून बघत बसलो. एकही आरपार जाईना, एकेक ही एवढी मोठी. व्हर्ना कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, “एवढी मोठी कडी खिशात घेऊन हिंडतोस, ओरिन. याहून लहान नाही का सापडली कुठं?” मी तिला नीट समजावून सांगितलं की लहान कडी घेतली तर मध्यम शिंपल्याही अडकतील आणि नियमाचा उपयोगच राहणार नाही. तिनं पंजा चिखलात रोवला. मग म्हणाली, “लिही बाबा तुझी तक्रार.”

इथं माझ्याकडून जी चूक झाली ती या गावात चालायला शिकलेलं पोरसुद्धा करत नाही. मी चिखलात उभं राहून लिहिलं. आपल्या चिखलात चालत राहावं, वाकावं, वाटल्यास आडवं पडावं, पण उभं राहू नये हे बाबांनी आपल्याला शिकवलं होतं. आणि व्हर्नाच्या आडनावाची अक्षरं मी जरा सावकाश काढत होतो. (गार वारा होता.) खाली सही केली आणि पाऊल उचलायला गेलो तर पाऊल येईना. दुसऱ्यावर जोर दिला तर ते आणखी खाली. गुडघ्यापर्यंत रुतलो. तेवढ्यात पाणी चढायला लागलं. पोस्टाची खिडकी उघडली आणि मर्लनं ओरडून विचारलं, “राखणदार, मदत हवी का?” मी म्हटलं नको. तो म्हणाला, “तसं ठराव केल्याशिवाय आम्हाला येताही येणार नाही.” आणि खिडकी हसत सुटली.

शेवटी आरोपीनंच मला बाहेर काढलं. पंजा माझ्या पट्ट्यात अडकवला, “बुटांतून पाय काढ आणि माझ्याकडे पड,” म्हणाली, आणि ओढलं. मी आलो, बूट राहिले. समुद्रानं ते दोन्ही गिळले. गावाची मालमत्ता. मी भोक पडलेल्या मोज्यांनिशी किनारा चढून वर गेलो आणि माझ्यापुढे टोपली घेऊन ती. तशाच पायांनी कचेरीत जाऊन मी तक्रार क्लार्ककडे दिली. क्लार्क तीच. तिनं हात पुसले, चष्मा लावला, शिक्का मारला आणि म्हणाली, “तक्रार दाखल झाली. आरोपीला कळवण्यात येईल.” मग खुर्ची उलट्या बाजूला फिरवली आणि म्हणाली, “कळलं.”

पुढच्या शनिवारी मी गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार? ज्या बाईनं चिखलातून ओढून काढलं तिच्यावरच तक्रार करून तिच्याच ताटावर बसायचं, एवढा काही मी निगरगट्ट नाही. मी घरी डब्यातलं सूप गरम केलं. ताई, खरं सांगतो, दोन चमचे खाऊन ते बाजूला सारलं. घरात इतकी शांतता होती की छपरातून गळणारं पाणी मोजता आलं असतं. मला नेहमी वाटायचं की मी बीन्ससाठी जातो. त्या संध्याकाळी पोस्टमास्तरच्या बायकोनं आपल्या हातच्या बीन्सचं भांडं आणून दिलं, चांगलं भरलेलं, आणि मी ते मांजरासमोर ठेवून दिलं. बीन्सचा काही दोष नव्हता. मला त्या नकोच होत्या.

असो. बूट हरवल्यामुळे नवे घ्यायला गावाची परवानगी लागते आणि परवानगीसाठी खास गावसभा. ती मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी आहे. सभा भरतेच आहे तर बाकीचंही उरकू म्हणून व्हर्नानं सोमवारी पोस्टाच्या दारावर विषय लावलेत. बूट, चर्चवरचा दिवा परत मर्लकडे फिरवायचा का, शाळेमागची मोरी, कुणाचा तरी मोकाट बोकड, असे आठ विषय. नववा किरकोळ आहे. बाकी गावात सगळे खुशाल आहेत. गुडघ्याला जप, मगरीला घरात घेऊ नकोस.

तुझा आज्ञाधारक (लहानपणी होतो तेवढाच),
ओरिन

ता. क. : राखणदाराच्या जाकिटाला बटणं नाहीत हे वर लिहिलंच आहे. आईचा बटणांचा डबा तू जाताना घेऊन गेलीस, तो जमल्यास पाठवावा. बिस्किटांचा जुना डबा, झाकणावर घोडागाडीचं चित्र.

ता. क. २ : बटणं नाही पाठवलीस तरी चालेल, मी दोरी बांधतो. डब्याच्या तळाशी कापसात गुंडाळून आईची अंगठी आहे. ‘ओरिननं कुणाला आणलं तर’ म्हणून आईनं ती तुझ्याकडे ठेवायला दिली होती आणि तू दर नाताळला विचारत होतीस, ठेवू का विकू. विकू नकोस. लहान कडी कुठं सापडेल असं व्हर्नानं विचारलं होतं, त्याचं उत्तर मला घरी पोचून मोजे वाळत घालताना सुचलं.

ता. क. ३ : अंगठी टपालानं नको, पोस्टमास्तर पाकीट उजेडासमोर धरतो. तू स्वतःच घेऊन ये. नववा विषय पोस्टाच्या दारावर गावाच्या शिक्क्यासह असा लावलाय : ‘शिंपल्यांच्या राखणदारानं शनिवारखेरीज इतर दिवशीही क्लार्कच्या घरीच जेवावं आणि परत जाऊ नये, अशी गावाची इच्छा आहे किंवा कसं, हे पाहणे.’ खाली क्लार्कची सही. मी तो वाचला तेव्हा पोस्टात सगळे होते आणि सगळे छताकडे बघत होते. मी तिला विचारलं, हे असं चारचौघांत कशाला? म्हणाली, “चार भिंतींत मी किती वर्षं वाट बघितली ते तुला माहीत नाही. तुला बाहेर पाठवलं तरच तुझ्याकडून काही करवून घेता येतं.” सभेत उभं राहून हो म्हणणं मला या जन्मी जमणार नाही, तू मला ओळखतेस. म्हणून एवढंच कर. परगावच्याला मत नसतं, पण मर्ल तुला बोलू देईल, दिवा चर्चकडेच ठेवायला मत देण्याचं मी त्याला वचन दिलंय. नववा विषय निघाला की मी उठून स्वयंपाकघरात भांडं बघायला जाईन. तू तेवढ्यात माझं नाव सुचव. फक्त भाषण करू नकोस, बीन्स करपायच्या आत मत घ्या.