मयताच्या घरी आधी पाणी

प्रिय पंचाक्षरी,

कॉलेजात परीक्षा चालू आहेत. पोरं पेपर लिहितायत आणि मी समोर बसून तुला लिहितेय. नांदेडात उन्हाचा नुसता जाळ आहे. तिकडे उदगीर जिल्हा होणार अशी आवई परत उठलीय. नव्या जिल्ह्याला पाणी कुठून आणणार, ते मात्र कुणी बोलत नाही.

आपला ‘पाणवठा’ अजून चालतो. म्हणजे मी चालवते. आपण चौघांनी मिळून लिहिलेला प्रोग्राम तो, टँकर आला की कुणाचा नंबर ते साध्या फोनवर मेसेजनं कळावं म्हणून. कुणाला पगार नाही, कुणाची मालकी नाही. कोड उघडा ठेवला, ज्याला हवा त्यानं न्यावा. पुढे शंकरप्पाला बँकेत नोकरी लागली, शेषेरावाला जुळी झाली, तू कंपनीत गेलास आणि उरले मी. मेसेज अडला की लोक माझ्यावर उखडतात. परवा देगलूरकडच्या एका सरपंचानं फोनवरच झापलं, “फुकट हाय म्हणून कसंबी चालवायलाव का?” मी माफी मागितली आणि मुकाट्यानं दुरुस्त करत बसले. थकलेय रे मी.

तुमच्या कंपनीनं आपला कोड उचलून ॲप काढलं, त्याचं मला वाईट वाटलं नाही. घ्या म्हणूनच तर ठेवला होता. त्यात तुझं नाव दिसलं तेव्हा स्टाफरूमभर दाखवत फिरले. नकाशावर टँकर पळताना दिसतो, किती छान! मागच्या वर्षी आपल्या गावानंही तुमचं ॲप घेतलं. खरं सांगू, एका गावाची कटकट गेली म्हणून मला सुटल्यासारखं झालं.

तुमच्या ओसरीवर बसून आपण नियम लिहीत होतो, आठवतं? तुझी आई, आमच्या उमाकाकू, शेंगा फोडत ऐकत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “समदं बराबर हाय, पर मयताच्या घरी नंबर बघत न्हाईत. तिथं आधी पाणी जातंय.” तू लगेच तो नियम घातलास. शेजाऱ्यानं एक मेसेज केला की पुढचा टँकर त्या घरी. साहेबरावानं धडधाकट सासूला मेसेजमध्ये मारून हौद भरून घेतला होता, तेही आठवत असेल. सासूबाई घरोघर चहा पीत “म्या मेलेली हाय बरं का” सांगत हिंडल्या आणि त्याला तोंड लपवायला जागा उरली नाही. त्यानंतर गावात कुणी खोटा मेसेज केला नाही. तुमच्या कंपनीनं मात्र गैरवापर होतो म्हणून नियमच काढून टाकला. आता मृत्यूचा दाखला अपलोड करायचा आणि मंजुरीची वाट बघायची.

काकू गेल्या तेव्हा मी सुट्टीत गावीच होते. तू पोचलास तोवर सगळं आटोपलं होतं. तुझ्या तोंडाकडे बघवेना, म्हणून मी बोलले नाही, दुसरंही कुणी बोललं नाही. पंचाक्षरी, काकूंना शेवटची अंघोळ घालायला घरात पाणी नव्हतं. तुझे वडील, नागप्पाकाका, फोन हातात धरून बसले होते आणि ॲप दाखला मागत होतं. इतक्यात दाखला कोण देणार? टँकर दारावरून वरच्या आळीला निघून गेला. ड्रायव्हर तरी काय करणार, त्याच्या फोनवर तिथलंच घर दाखवत होतं. दुपारपर्यंत काकू तशाच होत्या. शेवटी गावाबाहेरच्या आमच्या वस्तीतून माझी आई घागर घेऊन आली. काकांनी ती दोन्ही हातांनी घेतली. मग एकेक घर आपल्यातलं पाणी घेऊन आलं.

गावात अजून ‘पाणवठा’ असता तर मी बसल्या जागी नियम परत घातला असता. तुमच्या कोडला कुलूप आहे, ते आतून तुलाच उघडता येईल. मी रागावलेली नाही, भांडायचं त्राणही नाही. वरच्यांशी तू भांड. साहेबरावासारखे निघतील, त्यांना त्यांच्या सासवा बघून घेतील. नियम काकूंनी सांगितला होता आणि तू लिहिला होतास. तो परत घाल.

तुझीच, आणि अंगात बळ आहे तोवर ‘पाणवठ्या’ची,
चांगुणा