चौदा जणांचा फोटो

१० नोव्हेंबर १९८६, सौंसर
१. नागपूरहून छिंदवाड्याच्या बसने सकाळी अकराला उतरले.
२. गुणवंताभाऊंच्या फोटो स्टुडिओत निगेटिव्ह साफ करण्याच्या कामावर रुजू झाले.
३. केसरबाईंकडे खोली घेतली. खिडकीतून संत्र्याची बाग दिसते. एवढी शिकून धूळच पुसायला आली का, असं त्यांनी विचारलं. मला हसू आलं.

११ नोव्हेंबर
पद्धत लिहून ठेवते. रंगीत निगेटिव्हमधले रंग इन्फ्रारेड किरणांना अडवत नाहीत. धूळ आणि ओरखडे अडवतात. निगेटिव्हखाली इन्फ्रारेड फिल्म ठेवून दिवा दिला, की चित्र नाहीसं होतं आणि फक्त घाण उमटते. तेवढ्याच जागा ब्रशने भरायच्या. माझा नियम असा, की भरताना फोटो बघायचा नाही. डोळा चेहऱ्यांकडे जातो आणि हात चुकतो.

१४ नोव्हेंबर
मोहगावच्या पुंडलिकरावांच्या कुटुंबाचा फोटो. नव्या घराच्या बैठकीत मोठा करून लावायचा आहे. इन्फ्रारेड फिल्मवर सात ओरखडे आले आणि मधल्या रांगेत एक मोठा डाग, उभ्या बाईच्या आकाराचा. धुताना चांदी राहिली तर डाग येतो, पण तो पसरट असतो. याला पदर होता. ताजं द्रावण करून निगेटिव्ह पुन्हा धुतली आणि इन्फ्रारेड फिल्म पुन्हा काढली. डाग तोच. गुणवंताभाऊ म्हणाले, फिल्म धूळ म्हणते तर धूळच. नियम माझाच होता. चार तास लागले. काम स्वच्छ झालं.

१७ नोव्हेंबर
पुंडलिकराव फोटो घेऊन गेले. त्याआधी त्यांनी आणलेल्या जुन्या प्रतीशी ताडून पाहिला. जुन्यात चौदा माणसं, नव्यात तेरा. मधल्या रांगेतल्या धाकट्या सूनबाई कुठे, असं मी विचारलं. ते दचकले नाहीत.
"आमच्या घरी सून एकच हाय, ताई. तुम्ही कोणाची गोष्ट करून राहिल्या?"
खूश होते. नातेवाइकांना पाठवतो म्हणाले.

१९ नोव्हेंबर
दुपारी ती काउंटरपाशी आली. जुन्या प्रतीतलाच चेहरा. नाव चंद्रकला. तिच्यामागच्या गिऱ्हाइकाला पाकीट देताना गुणवंताभाऊंचा हात तिच्या खांद्याला घासून गेला, तरी त्यांनी वर पाहिलं नाही. ती म्हणाली, शुक्रवारपासून, म्हणजे १४ तारखेपासून, घरात तिचं ताट वाढत नाहीत. दोरीवरचं लुगडं कोणाचं, असं नवऱ्याने विचारलं, आणि मग त्याची फडकी केली.
"मले परत काढा, ताई. उभं राहाले जागा तेवढी द्या."
भरलेला रंग खरवडला तर निगेटिव्ह फाटेल, असं मी सांगितलं.
"मले पुसलं तवा नाही फाटली?"
तिने विचारलं, पुसताना तुम्ही मला पाहिलं होतं का. मी खरं सांगितलं. पाहायचं नाही, असा नियम आहे.

२१ नोव्हेंबर
आज चार घरांचे फोटो. प्रत्येक फिल्मवर एकच माणूस उरतो. विधवा आत्या. बहिरा काका. पायाने अधू मुलगी. चौथ्यावर एक म्हातारी, खुर्चीसकट. पाकीट देताना लोक खाली बघतात. त्यांना माहीत आहे. घराला जे नको, तेच फिल्मवर उमटतं. मी नकार दिला. गुणवंताभाऊ रागावले नाहीत. "तुमचं पाहून शिकलो ना मी," एवढंच म्हणाले आणि माझा ब्रश उचलला.

२२ नोव्हेंबर
मागच्या पानावर चंद्रकला असं नाव आहे. अक्षर माझं. कोण ही — वाचलं. तीनदा वाचलं. चेहरा आठवत नाही.

२४ नोव्हेंबर
नागपूरहून पाकीट. पाठवणारा रवींद्र, माझा भाऊ. त्याच्या लग्नातल्या घरच्यांच्या फोटोची निगेटिव्ह. चिठ्ठी गुणवंताभाऊंच्या नावाने: मोठा करा, साफ करून पाठवा. माझ्याबद्दल एक ओळ नाही. त्याने मला कधी नको म्हटलं नाही. हवी असंही.
फिल्म काढली. माणसं गेली. आई गेली. उरली डावीकडून दुसरी. माझी वेणी. माझं घड्याळ —

२५ नोव्हेंबर
निगेटिव्ह खणात नाही. डार्करूमला आतून कडी. आत ब्रश धुतल्याचा आवाज —
केसरबाईंनी दारातून विचारलं, या खोलीतली ट्रंक कोणाची. मी समोर उभी होते.

रवींद्र, मी इंदू. तुझ्या लग्नाच्या फोटोत आपण नऊ जण होतो. आईला घेऊन बस आणि मोज. नऊ की आठ, तेवढंच लिही. उत्तर शनिवारपर्यंत, २९ तारखेच्या आत, सौंसरच्या पत्त्यावर, माझ्या ना —