चार बोटं सावली

मनीषनगर, नागपूर
२० मे २०२५

चि. भैरवीस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. ऊन असं पडलंय की दुपारी गच्चीवर पाय ठेववत नाही, तरी तुझी मामी कुरडया घालायची थांबलेली नाही. आमच्या कूलरची मोटर परवा जळली, नवी बसवली. आंब्याचा रस झाला तेव्हा तुझी आठवण निघाली.

फोन असताना मामा पत्र काय लिहितोय, असं तुला वाटेल. फोनवर मी व्याख्यान देतो, हे तुला ठाऊकच आहे. निवृत्त झाल्यापासून शाळाशाळांतून तारे, ग्रहणं, धूमकेतू यांवर बोलून मला ती सवयच जडली आहे. कागदावर निदान खोडता येतं. या पत्राचे दोन कागद फाडून झाले आहेत.

तेरा तारखेचा, सावली नाहीशी होताना पाहायचा कार्यक्रम तुझ्या गावाने मनापासून केला. सुट्टीतही मुलं आली, बाया आल्या, शाळा समितीचे अध्यक्ष भैय्याजी पांढरा गमछा बांधून पहिल्या रांगेत बसले. मठ्ठा तर फारच छान होता. खांब जरा कलला असावा, वारंही होतं...

पाहा, पुन्हा तेच लिहिलं. हा कागद मात्र फाडत नाही, असाच पाठवतो. वारं नव्हतं, भैरवी. झाडाचं पान हलत नव्हतं.

आधी तारखेचं सांगतो. सूर्य रोज माध्यान्हीला बरोबर डोक्यावर येतो असं लोकांना वाटतं, पण तो तसा वर्षातून दोनच दिवस येतो, आणि भोपाळच्या पुढे गेलं की कधीच येत नाही. उन्हाळ्यात तो एकेक गाव घेत उत्तरेकडे चढत जातो. एप्रिलमध्ये दक्षिणेत, मेच्या मध्याला पुण्यावर, आणि आपल्याकडे महिना संपत आल्यावर. ज्या गावावर तो येतो तिथे उभ्या काठीची सावली त्या दुपारी तिच्या बुडाशी नाहीशी होते. एवढा मोठा गोळा, एवढ्या लांबून, आणि तुझ्या शाळेच्या अंगणातल्या बांबूशी एका रेषेत येतो! मला याचं इतकं वेड आहे की पुण्याच्या मित्राने पाठवलेलं पत्रक पाहिलं आणि तारीख, वेळ जशीच्या तशी उचलून तुला कळवली. पुण्याचा सूर्य मी रामटेकच्या पायथ्याशी आणून ठेवला.

तू विचारलं होतंस. फोनवर म्हणाली होतीस, "मामा, पुणं आपल्यापेक्षा खाली आहे ना? मग आपला दिवस नंतर नाही का येणार?" मी काय उत्तर दिलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. "तू मराठीची बाई आहेस, व्याकरण सांभाळ. सूर्य मी सांभाळतो." आणि वर हसलो. तूही हसलीस, पण तू माझा मान राखायला हसलीस.

घरी आलो तेव्हा मामीने कुरडया उचलता उचलता विचारलं, "नवतपा लागायचाच आहे अजून, अन् तुमचा सूर्य डोक्यावर आला कसा?" मी तिच्यावर खेकसलो. मेच्या अखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस इथे सगळ्यांना तोंडपाठ आहेत, फक्त मीच ते पंचांगातलं खूळ म्हणून सोडून दिले होते.

आता जे टाळत होतो ते. बांबूची सावली आखडत आखडत चार बोटांवर आली आणि थांबली. पत्रकातली वेळ तर अजून व्हायची होती. मुलं वाट पाहत राहिली, आणि सावली आमच्या डोळ्यांदेखत वाढायला लागली. त्याच क्षणी मला सगळं कळलं. तारीख चुकली, वेळही चुकली, आणि दोन्ही माझ्यामुळे. घरी येऊन हिशेब केल्यावर कळलं असतं तर मी आज इतका शरमलो नसतो. मला तिथेच, उन्हात उभ्या उभ्या कळलं होतं. आणि कळल्यावर मी म्हणालो, "खांब वाकडा गाडलाय."

भैय्याजी लगेच म्हणाले, "मॅडमले साधा डंडा सरळ गाडता येत नाही, अन् सूर्य दाखवून राहिल्या." सगळे हसले. मी त्यावर काय केलं? मोठ्या मनाने तुला माफ केलं. "नवीन आहे, शिकेल हळूहळू," असं म्हणालो आणि तुझ्या पाठीवर थोपटलं.

तू गवंड्याकडून मागून आणलेला ओळंबा पिशवीतून बाहेर काढला होतास. तो दोरा बांबूला लावला असता तर सगळ्यांना दिसलं असतं की बांबू सरळ आहे. तू माझ्या तोंडाकडे पाहिलंस आणि ओळंबा परत पिशवीत ठेवलास. मी ते पाहिलं. निघताना तू वाकून नमस्कारही केलास, आणि मी तो घेतला.

तरी मी गप्पच बसलो असतो. तुझं मुलांचं आकाश मंडळ भैय्याजींनी दुसऱ्या गुरुजींकडे दिलं, हे काल मामीकडून कळलं. तू तिला म्हणे सहज सांगितलंस, स्वयंपाकाच्या गोष्टींत. दोन वर्षं खपून तू ते उभं केलंस, आणि मी ते एका वाक्यात घालवलं. मला माझीच किळस आली.

तुमच्या गावावर सूर्य अठ्ठावीसला येईल, बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास. या वेळी मी गणित तीनदा केलंय, आणि तूही एकदा करून पाहा. तोच बांबू, त्याच जागी लाव. मी येणार आहे. मला खुर्ची नको, हार नको, ओळख करून देऊ नकोस. सावली जाण्याआधी, सगळे जमलेले असताना, खोटं कोण बोललं ते मी सांगेन. सावली गेल्यावर सांगण्यात काही शौर्य नाही.

भैय्याजींनाही पत्र लिहिलंय. त्यात सगळं आहे, तुझा प्रश्न आणि माझं उत्तरसुद्धा. ते काल पेटीत टाकलं, तुझं आज टाकतोय. उलट केलं असतं तर तुझा फोन आला असता, "राहू द्या मामा, कशाला उगाच." आणि मी राहू दिलं असतं.

तुझा,
मामा